परक्या संघाकडून

ज्या शाळेंत आपण मुळाक्षरें गिरविलीं, तिच्याच विरुद्ध मैदानांत उतरण्याचा प्रसंग फार थोड्यांवर येतो. गेल्या वर्षीं तो मजवर आला. त्या वेळीं मनाची जी ओढाताण झाली, आणि एका थोर खेळाडूच्या चरित्रानें ती जशी शमली, ती हकीकत वाचकांस सादर करण्याचें मीं योजिलें आहे.

आठवीपर्यंत मी लालबागच्या एका शाळेंत होतों. आमची परळची चाळ पुनर्बांधणीसाठीं रिकामी करावी लागली. आईवडील कल्याणला राहावयास गेले, आणि मी आजोबांसह गिरगांवांत आत्याकडे येऊन या शाळेंत दाखल झालों. पहिल्याच सत्रांत मला येथल्या क्रिकेट संघांत जागा मिळाली. आनंद झाला, पण आंतरशालेय सामन्यांचें वेळापत्रक लागलें, तों पहिलेंच नांव माझ्या जुन्या शाळेचें! तिच्याकडून सलामीस येणारा फलंदाज माझा तिसरीपासूनचा सोबती. आम्ही एका बांकावर बसलों होतों आणि चाळीच्या चौकांत एकाच बॅटनें खेळलों होतों.

सामन्याच्या आदल्या दिवशीं आमच्या कर्णधारानें मला बाजूस घेतलें. "त्याचें कच्चें कोठें आहे, तें तुला ठाऊक असेलच," तो म्हणाला. ठाऊक होतेंच. सरळ यष्टींवर येणारा चेंडू तो आडव्या बॅटनें ओढी. "उद्यां सांगतों," म्हणून मीं वेळ मारून नेली. सांगावें तर मित्रद्रोह, न सांगावें तर संघद्रोह. तापाचें सोंग घेऊन घरीं पडून राहावें, असाहि विचार त्या रात्रीं मनांत येऊन गेला.

आजोबांनीं माझ्या तोंडावरूनच ओळखलें. सर्व ऐकून घेतल्यावर त्यांनीं विजय मांजरेकर यांची गोष्ट काढली. १९६४ सालीं ब्रेबॉर्न स्टेडियमवर भारतानें ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना २ गडी राखून जिंकला, तेव्हां आजोबांनीं शाळकरी वयांत त्यांचा खेळ डोळ्यांनीं पाहिला होता.

मांजरेकरांचा जन्म २६ सप्टेंबर १९३१ रोजीं मुंबईंत झाला. शिवाजी पार्कच्या मैदानानें देशास जे नामांकित खेळाडू दिले, त्यांत त्यांची गणना होते. १९५२ च्या जून महिन्यांत इंग्लंडांतील लीड्स येथें भारताचे ३ गडी अवघ्या ४२ धांवांत बाद झाले असतां हा २० वर्षांचा तरुण खेळावयास गेला. समोर बेडसर, ट्रूमन आणि लेकर. त्यानें १३३ धांवा केल्या, आणि कर्णधार विजय हजारे यांच्यासमवेत २२२ धांवांची भर घातली. पुढें ५५ कसोटी सामन्यांत मांजरेकरांनीं ७ शतकांसह ३२०८ धांवा केल्या. १९६५ सालीं मद्रास येथें न्यूझीलंडविरुद्ध आपल्या शेवटच्या कसोटी डावांत ते १०२ धांवांवर नाबाद राहिले.

परंतु आजोबांस सांगावयाचें होतें तें निराळेंच. रणजी करंडकाच्या स्पर्धेंत मांजरेकर मुंबई, बंगाल, आंध्र, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि महाराष्ट्र अशा सहा संघांकडून खेळले. त्या काळीं क्रिकेटमध्यें आजच्यासारखा पैसा नव्हता. मानधनावर संसार होत नसे. नोकरी किंवा आश्रय मिळेल तेथें कित्येक खेळाडू जात. विनू मांकड तर १९५२ सालीं लँकेशायरमधील हॅस्लिंग्डन क्लबाचे वेतनदार खेळाडू होते. राजस्थानकडे असतां मांजरेकरांस अंतिम सामन्यांत मुंबईसमोरच उभें राहावें लागलें. आणि मुंबई तर १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग १५ वर्षें अजिंक्य!

"आपल्याच गांवाविरुद्ध खेळतांना त्यांना कांहींच वाटलें नसेल का?" मीं विचारलें.

"वाटलें काय, तें त्यांचें त्यांना ठाऊक," आजोबा म्हणाले, "पण म्हणून त्यांनीं बॅट वांकडी धरली नाहीं. समोरच्यानें हातचें राखून खेळावें, असें तुझ्या दोस्ताला तरी आवडेल का?"

दुसऱ्या दिवशीं आझाद मैदानावर मीं कर्णधारास सर्व सांगितलें. माझा सोबती ९ धांवांवर पायचीत झाला. माझी मान खालीं गेली. पुढें माझी पाळी आली. १४ धांवांवर असतां यष्टीबाहेर जाणाऱ्या चेंडूस मीं नेहमीच्या मोहानें बॅट लावली, आणि स्लिपमध्यें माझा झेल गेला. झेल घेणारा तोच! सामना आम्ही हरलों.

संध्याकाळीं तो जवळ आला. "तूंच सांगितलेंस ना?"

"होय."

तो मोठ्यानें हंसला. "मींहि तुझें सांगितलें होतें. त्याशिवाय का मला स्लिपमध्यें उभें केलें?" मग आम्हीं एक वडापाव दोघांत खाल्ला.

मांजरेकर १८ ऑक्टोबर १९८३ रोजीं मद्रास येथें वारले. सहा संघांचे होऊनहि मुंबईकर त्यांस आपलाच मानतात. जेथें उभें राहावें तेथें प्रामाणिकपणें खेळणाऱ्यास जुनें घर विसरत नाहीं, हें मला त्या दिवशीं उमजलें. आमची नवी इमारत केव्हां उभी राहील, कोणास ठाऊक. तोंवर मी या शाळेचा आहें, आणि त्या शाळेचाहि.

— एक विद्यार्थी, इयत्ता १० वी