वहिनीचं मनगट आणि तीस गुंठ्यांचं पाचट



गेल्या वर्षी जानेवारीच्या शेवटी अण्णाचा फोन आला. गोठ्यात पाय घसरून वहिनी पडली, उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. घरात दोन म्हशी, एक गाय, ऐंशी पार केलेली आव्वा, आणि ऊस तोडणीला आलेला. भाचा नोकरीला बंगळूरला. अण्णा "ये" असं म्हणाला नाही. "बघ बाई, असं झालंय" एवढंच म्हणाला. मी दुसऱ्या दिवशी पुण्याहून एसटीत बसले.

माझं माहेर वारणानगरपासून दोन-तीन किलोमीटरवर, पन्हाळा तालुक्यात. नदीच्या या काठाला कोल्हापूर जिल्हा, पलीकडे सांगली. तात्यासाहेब कोऱ्यांनी साखर कारखाना उभा केला, मग १९६८ साली दूध संघ निघाला, आणि आमच्यासारख्या घरांचं चालणं ऊस आणि दूध या दोन पायांवर आलं. मी लग्न करून बाहेर पडले त्याला बत्तीस वर्षं झाली. त्यानंतर माहेरी जायचं ते दिवाळीला, चार दिवसांसाठी. जेवायला, झोपायला आणि येताना तूप, गूळ, काकवी घेऊन यायला. कामाला म्हणून पहिल्यांदाच गेले.

सकाळी साडेचारला उठायचं. गोठ्यातलं शेण ओढून उकिरड्यावर टाकायचं, खराट्यानं झाडून घ्यायचं, म्हशींपुढं पेंड ठेवायची, मग धार. धार अण्णाच काढायचा, मला ते जमलं नाही. दोन दिवस प्रयत्न केला, म्हशीनं तिसऱ्या दिवशी बादली उलथवली आणि तो विषय संपला. पण किटली घेऊन डेअरीत जायचं काम माझ्याकडं आलं. तिथं रांगेत उभं राहायचं, नमुना द्यायचा, फॅटची चिठ्ठी घ्यायची. पहिल्या दिवशी फॅट कमी लागली तर माझाच अपमान झाल्यासारखं वाटलं! वहिनी हसली. म्हणाली, "वन्सं, म्हस काय रोज सारखी असती व्हय?"

मग पाणी. आमच्याकडं अजून विहिरीचं पाणी पितात. दुहेरी फडक्यातून गाळायचं आणि फडक्यावर राहिलेलं गाळलेल्याच पाण्यानं अलगद परत विहिरीत सोडायचं, कारण त्यातले जीव जिथले तिथं गेले पाहिजेत. पुण्यात माझ्याकडं नळाला फिल्टर आहे, त्यावर मी गाळणं बांधते आणि नियम पाळल्याचं समाधान मानते. इथं विहिरीच्या काठावर वाकून ते फडकं सोडताना मला आठवलं की ही दुसरी अर्धी कृती मी कितीतरी वर्षांत केलेलीच नव्हती.

स्वयंपाक दोन वेळचा. संध्याकाळचा खरा घोळ होता. सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो, आणि धार, वैरण, डेअरी हे सगळं पाच ते सातच्या मध्येच येतं. वहिनी साडेचारलाच चुलीपाशी बसायची, आता मी बसू लागले. ज्वारीची भाकरी, डाळ, एखादी पालेभाजी. आव्वा पाचला जेवायची, आम्ही दोघी सव्वापाचला, अण्णा शेतातून येऊन सहाला, कधी सव्वासहाला, पायाला चिखल तसाच ठेवून. शेतीची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात तो बॅटरी घेऊन पाणी पाजायला जायचा ते दोन-तीनला यायचा, अंधार पडल्यावर घोटभर पाण्याशिवाय काही घ्यायचा नाही. मी सोसायटीतल्या मैत्रिणींना रात्रिभोजन त्यागाबद्दल बरंच काही सांगत असते. ते सोपं आहे हो, आपल्या घड्याळावर आपलाच ताबा असतो तेव्हा.

दुपारी तासभर मिळायचा. तेव्हा आव्वाच्या पायाला तेल लावायचं आणि तिच्याकडून जुन्या गोष्टी ऐकायच्या. आचार्य शांतिसागर महाराजांची गोष्ट तिची आवडती. भोजच्या शेतकरी घरातले ते, जन्म १८७२ चा. दीक्षा घेण्याआधी शेतात राखणीला बसायचे तेव्हा पाखरांना हाकलायचेच नाहीत, उलट त्यांच्यासाठी पाणी ठेवायचे, आणि तरी रास कमी भरायची नाही, असं आव्वा सांगते. लहानपणी मी ही गोष्ट ऐकली की लगेच विश्वास ठेवायचे. या वेळी अण्णा दारातून म्हणाला, "आव्वा, पाखराचं सोड. हुमणीचं काय करू ते सांग."

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात टोळी आली. बीडकडची माणसं, नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे अंधारात यायची, बुडातून ऊस तोडायची, शेंडा छाटायची, मोळ्या बांधायची. वाड्यावर त्यांचा हक्क, ते विकून त्यांना चार पैसे मिळतात, आणि आमच्या म्हशींसाठी आम्हीही त्यांच्याकडूनच घेतलं. एका बाईबरोबर सहा-सात महिन्यांचं बाळ होतं, उसाच्या सावलीत साडीच्या झोळीत. मी रोज तिच्यासाठी ताक घेऊन जायचे. तिनं एकदा विचारलं, "तुमी लोक रातीला जेवत न्हाईत म्हनं. मग आमी कवा जेवावं?" त्यांची चूल पेटायचीच रात्री आठला. माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि तिलाही ते नको होतं. ती बाळाला घेऊन बसली, मी ताकाचा तांब्या उचलून आले.

तीन दिवसांत तीस गुंठे मोकळे झाले. ऊस कारखान्याला गेला आणि रानात राहिलं ते पाचट. गुडघ्याएवढा वाळलेल्या पाल्याचा थर. चौथ्या दिवशी दुपारी अण्णा म्हणाला, "वारा पडला की पेटवतो." मी म्हटलं, "काय पेटवतोस?"

लहानपणी मी ते शेकडो वेळा पाहिलंय. फेब्रुवारी-मार्चात संध्याकाळी शिवारात जागोजाग आगी दिसायच्या, सकाळी अंगणात काळी कात्रणं पडलेली असायची. आम्हाला त्यात मजा वाटायची. पण त्या दिवशी सकाळीच मी वाडं गोळा करताना त्या पाल्यात हात घातला होता. कोळी, रातकिडे, गोगलगायी, एक मोठी गोम, सापाची कात. खाली माती ओलसर होती आणि त्यात गांडुळं. मी अण्णाला म्हटलं, तू विहिरीतला जीव विहिरीत सोडतोस आणि हे सगळं एका काडीनं जाळतोस?

तो चिडला. आवाज चढवला नाही, पण बत्तीस वर्षांचं साचलेलं बोलला. "तू चहात साखर घालतीस ना? ती आभाळातनं पडती? जूनमध्ये पहिला पाऊस झाला की कडुलिंबावर, बाभळीवर हुमणीचे भुंगेरे बसतात. रात्री फांद्या हलवून ते पाडायचे आणि रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. मी टाकतो. नाही टाकले तर त्यांची अळी उसाची मुळं खाती, ऊस वाळतो. तवा तू पुण्यात कंदमूळ न खाता बसलेली असतीस. पाप माझ्या नावावर आणि साखर तुझ्या डब्यात."

वहिनी म्हणाली, "असू दे ओ." पण त्याचं बोलून झालं होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. शास्त्रात हिंसेचे चार प्रकार सांगितलेत, हे मीच पाठशाळेत मुलांना शिकवते. संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. गृहस्थानं जाणूनबुजून मारण्याच्या हेतूनं केलेली संकल्पी हिंसा सोडायची. शेतीतली उद्योगी हिंसा त्याला पूर्ण टळत नाही, ती कमी करत जायची. भगवान ऋषभदेवांनी असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य, शिल्प ही सहा कामं माणसाला शिकवली, त्यात कृषी आहेच. मुलांना हे सांगताना मी नेहमी पुढच्या धड्याकडं वळते. कमी करत जायची म्हणजे कुणी, कुठं, कितीनं, हे मी कधी थांबून पाहिलं नव्हतं. अण्णाचं बरोबर होतं. पण भुंगेऱ्यांना पर्याय नाही म्हणून पाचटालाही नाही, हे मात्र मला पटेना.

सकाळी मी त्याला म्हटलं, बायका लाव, मजुरी मी देते, आणि मीही येते. तो म्हणाला, "पाचट ठेवायचं मला ठाऊक आहे. कृषी खात्याचे लोक सांगून दमले. करणार कोण?" म्हणजे माहिती त्याला माझ्यापेक्षा जास्त होती! हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं, जाळलं की त्यातलं सेंद्रिय द्रव्य आणि नत्र धुरात जातं. ठेवायचं तर उसाचे बुडखे जमिनीलगत छाटून घ्यायचे, पाचट एकाआड एक सरीत दाबून बसवायचं, त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो कुजवणारं जिवाणू खत टाकायचं. आमच्या तीस गुंठ्यांना २४ किलो युरिया, ३० किलो सुपर फॉस्फेट, ३ किलो जिवाणू खत बसलं. हिशेब मी केला, पोतं अण्णानं आणलं.

चार बायका आणि मी. सकाळी आठ ते दुपारी दोन, तीन दिवस. उसाचा पाला हाताला ब्लेडसारखा कापतो आणि त्याची कुसळं कातडीत घुसतात. पहिल्या दिवशी मी कुडत्यावर गेले होते, अर्ध्या बाह्यांचं. संध्याकाळी दोन्ही हातांवर लाल रेघा आणि रात्रभर आग. आव्वानं खोबरेल तेल लावलं आणि म्हणाली, "आमी तुज्या बाबाचा सदरा घालत होतो, बाळ." हे आधी सांगायचं ना! बायका मला हसायच्या, पण तिसऱ्या दिवशी त्यातली एक म्हणाली की ताईंचा हात बसला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, दिवे लागल्यावर, शेजारच्या रानातलं पाचट पेटवलेलं वाऱ्यानं बांध ओलांडून आमच्याकडं आलं. अण्णा डेअरीतून येत होता, त्यानं लांबूनच पाहिलं. हिरवं वाडं घेऊन तो आणि शेजारी दोघंही झोडपत होते. मी आणि त्या टोळीतले तिघं-चौघं पाटातून बादल्या भरून आणत होतो. त्यांच्या चुली नुकत्याच पेटल्या होत्या, त्या तशाच सोडून ती माणसं धावली. अर्ध्या तासात आग विझली. आठ गुंठे गेले.

मला शेजाऱ्याचा भयंकर राग आला. तोंडावर काहीतरी बोलणारच होते. तो बिचारा बांधावर बसून खोकत होता, भुवया होरपळल्या होत्या. "वारं फिरलं ओ ताई," एवढंच म्हणाला. अण्णा काही बोलला नाही. घरी येऊन दोघांनी हात-पाय धुतले, आणि न जेवताच झोपला, कारण सूर्य केव्हाच मावळला होता.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच त्या आठ गुंठ्यांत गेले. तिथं मी काय पाहिलं ते लिहीत नाही. गुडघे टेकून णमोकार म्हटला आणि आले.

आता जे झालं ते खरं खरं सांगते. मार्चच्या मध्यात मी निघाले तेव्हा जळालेल्या आठ गुंठ्यांत खोडवा आधी फुटला होता, हिरवागार, आणि पाचटाच्या बावीस गुंठ्यांत कोंब मागं होते. येणारा-जाणारा बांधावर थांबून अण्णाला तेच दाखवत होता. मी शरमले. एप्रिलच्या शेवटी त्याचा फोन आला: "जळलेल्याला आठव्या दिवशी पाणी मागतंय. पाचटाचं पंधरा दिवस झाले, खाली हात घातला तर ओल आहे. रात्रपाळी निम्मी झाली बघ." जूनमध्ये भुंगेरे त्यानं पाडलेच. ते त्यानं मला आपणहून सांगितलं, मीही काही म्हटलं नाही.

एक गोष्ट मात्र मी तिथं असताना विचारली नाही. एक म्हैस गाभण होती. वहिनी धार काढताना नेहमी एक सड रेडकासाठी राखून ठेवायला सांगायची. रेडी झाली तर ती घरात वाढते. रेडा झाला तर काय करतात, हे माझ्या ओठावर आलं होतं. रोज दूध-तूप खाऊन मी ते गिळलं. आता विचारणार आहे. वहिनी काय सांगेल याची मला थोडी भीती वाटते.

यंदाचा जानेवारी संपत आलाय. वहिनीचं मनगट जुळलंय, पण पिळायचं काम तिला अजून जमत नाही. टोळी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात येईल, असं अण्णा म्हणतो. शेजाऱ्यानं त्याला विचारलंय की जिवाणू खत कुठं मिळतं. यांचे दोन जुने, पूर्ण बाह्यांचे शर्ट मी बॅगेत तळाला ठेवलेत.