छप्पन्या आणि माझ्या मोबाईलमधला फोटो

ताटात भाकरीचा तुकडा उरला की दादी म्हणायची, "छप्पन्या पाह्यला नाही तुम्ही!" तिनेही पाहिला नव्हता. तिच्या अब्बांनी पाहिला होता, लहानपणी, अकोल्याजवळच्या खेड्यात. संवत १९५६ चा, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० चा तो दुष्काळ. वऱ्हाडातून रेल्वे तेव्हा धावत होती, धान्य येऊ शकत होते. पण शेतातली मजुरी बुडालेल्या माणसाकडे ते घ्यायला पैसा कुठे होता?

सरकार मदत द्यायचे, पण पारखून. अंगात बळ असेल त्याने सरकारी कामावर खडी फोडायची. बळही नाही आणि आसराही नाही, त्याच्यासाठी गरीबखाना. या विचाराचे मूळ इंग्लंडच्या १८३४ च्या गरीब कायद्यात आहे. तिथल्या वर्कहाऊसमध्ये नवरा, बायको, मुले वेगवेगळी ठेवत. आतले जगणे बाहेरच्या सर्वांत गरीब मजुरापेक्षाही हलके असले पाहिजे, असे तत्त्वच होते. म्हणजे पुरता नाइलाज झाल्याशिवाय कोणी दार वाजवू नये.

१८८० च्या दुष्काळ आयोगानंतर आपल्याकडे दुष्काळ संहिता आल्या. त्यांतली एक तरतूद वाचून मी थांबलो: पडदानशीन स्त्रियांना घरीच मदत पोचवावी. परक्या सरकारलाही एवढे कळले होते की काही माणसे उपाशी राहतील, पण रांगेत उभी राहणार नाहीत.

आणि आम्ही?

गेल्या रमजानमध्ये मोहल्ल्यात रेशनच्या पिशव्या वाटल्या. फोटो काढायचे काम माझ्याकडे होते. एका बाईने ओढणी तोंडावर ओढली. मी म्हणालो, "आपा, जरा इकडे बघा." तिच्या मागे माझ्याच वर्गातला मुलगा उभा होता. फोटो ग्रुपवर गेला. वर्गात सगळ्यांत आधी हात वर करणारा तो मुलगा, त्यानंतर त्याचा हात वर गेला नाही.

जकात हा गरिबाचा हक्क आहे, असे मीच मुलांना शिकवतो. हक्क घेणाऱ्याचा फोटो का काढायचा? १९७२ च्या दुष्काळातही लोकांनी खडीच फोडली. पण त्यातून महाराष्ट्रात १९७७ चा रोजगार हमी कायदा आला आणि काम मागणे हा हक्क झाला. खडी तीच होती, पण मागणाऱ्याची मान वर झाली.

यंदा मी बैठकीत म्हणालो, फोटो नको. एकाने विचारले, "सर, मग देणाऱ्यांना हिशेब कसा दाखवायचा?" प्रश्न खोटा नव्हता. मी म्हणालो, "दुकानाच्या पावत्या दाखवू. माणसं नको." थोडी वादावादी झाली, मग सगळे कबूल झाले. तरावीहनंतर आम्ही पिशव्या घरोघरी पोचवल्या.

त्या मुलाच्या दारात पिशवी ठेवून मी थांबलो नाही. वर्गात त्याचा हात अजून वर जात नाही. मी वाट पाहतोय.