अवघड विषय

स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदवीसाठी नाव घातलेला विद्यार्थी पहिल्या वर्षाचे गणित आणि पदार्थविज्ञान ओलांडून दुसऱ्या वर्षात येतो, त्या वेळी त्याने एकही पूल अभियंत्याच्या दृष्टीने पाहिलेला नसतो. तथापि कोणता विषय किती अवघड याची एक पक्की उतरंड वसतिगृहातल्या वरच्या वर्गांकडून वारसाहक्काने त्याच्या पदरी आलेली असते. तिच्या शिरोभागी ‘स्ट्रक्चर्स’, म्हणजे संरचनांचे विश्लेषण, विराजमान असते. त्याच्या खालोखाल ‘फ्लुइड’. मध्ये कोठे तरी ‘सॉइल’. आणि अगदी तळाशी सर्वेक्षण, बांधकामाचे साहित्य व एस्टिमेटिंग, ज्यांच्याविषयी ‘आदल्या रात्री वाचून जावे’ इतकेच मार्गदर्शन पुरेसे मानले जाते. ही उतरंड निराधार आहे असे मी म्हणणार नाही. कोणत्या विषयात किती जणांना केटी लागली याचे तक्ते तिला बहुधा दुजोराच देतात. परंतु आधी पाटबंधाऱ्याच्या कामांवर आणि नंतर अध्यापनात, अशा दोन्ही बाजूंनी या विषयांशी संबंध आल्यावर माझी अशी धारणा झाली आहे की, या उतरंडीत मोजला जातो तो परीक्षेचा अवघडपणा. विषयाचा अवघडपणा तिच्या मापात येतच नाही.

स्ट्रक्चर्सचा दरारा मोठा असण्यास सबळ कारणे आहेत. दोन साध्या आधारांवर टेकलेली तुळई समतोलाच्या समीकरणांनी सुटते. पण तिच्या मध्यभागी आणखी एक खांब उभा केला की अज्ञात राशी समीकरणांहून अधिक होतात, आणि मग तुळई किती वाकते व प्रत्येक आधारापाशी किती कोनात वळते याचा विचार केल्यावाचून गत्यंतर नसते. बहुमजली सांगाड्यात अशा अज्ञातांची गर्दी इतकी होते की, एकेकाळी ती समीकरणे हाताने सोडविणे हे दिवसच्या दिवस खाणारे काम होते. 1930 साली हार्डी क्रॉस या अमेरिकन प्राध्यापकांनी अवघ्या दहा पानांच्या निबंधात त्यातून वाट काढली. सर्व सांधे प्रथम जखडलेले समजावे. मग एकेक सांधा मोकळा करून त्यावरील असंतुलित मोमेंट तेथे मिळणाऱ्या तुळयांना व खांबांना त्यांच्या ताठरतेच्या प्रमाणात वाटून द्यावे. वाटलेल्याचा अर्धा भाग पलीकडच्या टोकास न्यावा. आणि बाकी नगण्य होईपर्यंत हीच आवर्तने चालू ठेवावी. उत्तरपत्रिकेवर हा तक्ता मांडणाऱ्या विद्यार्थ्याकडे पाहावे: पट्टीने आखलेले रकाने, प्रत्येक सांध्याखाली उतरत जाणारे अंक, आणि पहिल्याच ओळीत ऋण चिन्हाच्या जागी धन चिन्ह पडले असेल तर शेवटच्या ओळीपर्यंत झिरपत गेलेला त्या चिन्हाचा दोष. तीन तासांत असे दोन तक्ते पूर्ण करावयाचे असतील तर छाती दडपली तर नवल नाही.

तरीही हा विषय मला सर्वांत प्रामाणिक वाटत आला आहे. तक्त्याच्या तळाशी प्रत्येक सांध्यावरील मोमेंटांची बेरीज शून्य आली पाहिजे, आणि ती आली नाही तर आपण चुकलो हे परीक्षकाच्या आधी तो तक्ताच सांगतो. त्यातील काठिण्याला एक तळ आहे; बुद्धी, सराव आणि चिकाटी यांच्या बळावर तो गाठता येतो. मात्र तो गाठता येतो याचे कारण प्रश्नाच्या पहिल्या ओळीत सर्व काही दिलेले असते. ‘तुळईची दोन्ही टोके जखडलेली आहेत’ असे छापलेले असले म्हणजे टोकाशी येणारे मोमेंट भार गुणिले लांबीच्या वर्गाच्या बाराव्या हिश्शाइतके. ‘साध्या आधारावर आहे’ असे असले म्हणजे टोकाशी शून्य आणि मध्यभागी आठवा हिस्सा. प्रत्यक्ष इमारतीत विटांच्या भिंतीत वीतभर शिरलेली स्लॅबची कड यांपैकी कोणती, हे तिच्यावर लिहिलेले नसते. ती बहुधा दोहोंच्या मधली असते, आणि किती मधली हे ठरविण्याचे काम, ज्याच्यासाठी परीक्षेत एक गुणही ठेवलेला नसतो, नेमके अभियंत्याच्या वाट्याला येते.

माझे प्रतिपादन एवढेच आहे: प्रश्नात जे ‘दिलेले’ म्हणून छापले जाते ते कामावर मिळविण्यास किती सायास पडतात, यावरून विषयाचा अवघडपणा ठरवावा. या मापाने मोजू लागले की उतरंड बरीचशी उलटी होते, आणि मधल्या पायरीवर निमूट बसलेला सॉइल उठून वर येतो.

मृदा यांत्रिकीला शास्त्राचे रूप आले त्याला फार काळ लोटलेला नाही. मातीच्या दाबाचा विचार कुलोम्ब यांनी 1776 साली आणि रँकिन यांनी 1857 साली केला होता. परंतु ओल्या चिकणमातीतील पाणी भाराखाली सावकाश बाहेर पडते, आणि म्हणून इमारत वर्षानुवर्षे खचत राहते, याची समाधानकारक उपपत्ती 1925 साली कार्ल टेर्झागी यांच्या ग्रंथाने दिली. हे संशोधन त्यांनी इस्तंबूल येथे अध्यापन करीत असताना, जुजबी सामग्रीतून स्वतः उभारलेल्या उपकरणांवर केले. विषयाची सूत्रे आजही थोडी आणि आटोपशीर आहेत. संरक्षक भिंतीवरील मातीचा दाब काढावयाचा तर अंतर्गत घर्षणकोन 30 अंश धरला की गुणांक बरोबर एक तृतीयांश येतो. विद्यार्थी तो तोंडपाठ करतो आणि पुढे जातो. हाच कोन 25 अंश निघाला तर गुणांक 0.41 च्या घरात जातो, म्हणजे भिंतीवरचा दाब पाचव्या हिश्शाहून अधिक वाढतो. आणि हे पाच अंश नमुना घेताना तो किती हलला, खड्डा पावसाळ्यापूर्वी खणला की नंतर, एवढ्यावर इकडचे तिकडे होऊ शकतात.

या विषयातील एक चाचणी मी विद्यार्थ्यांकडून नेहमी आवर्जून करवून घेत असे. काळ्या मातीचा चाळून भिजविलेला गोळा घ्यावयाचा, काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवून बोटांच्या पेरांखाली देवापुढच्या वातीप्रमाणे वळावयाचा, आणि त्याचा धागा तीन मिलिमीटर जाडीचा झाला की पुन्हा गोळा करून पुन्हा वळावयाचा. प्रत्येक वेळी बोटांच्या उबेने थोडे पाणी उडून जाते. अखेर असा एक क्षण येतो की धागा तीन मिलिमीटरांपर्यंत पोहोचतो आणि त्याच वेळी त्याच्यावर चिरा पडून त्याचे तुकडे होऊ लागतात. त्या घटकेला त्यात जितके पाणी असते ती त्या मातीची सुघट्यतेची मर्यादा. सारे काही दोन बोटांच्या दाबावर आणि दोन डोळ्यांच्या निर्णयावर अवलंबून. एकाच गोळ्यातून शेजारी शेजारी बसलेले दोन विद्यार्थी निरनिराळे अंक काढतात, आणि मग कोणाचा अंक ‘बरोबर’ असे विचारतात. तो प्रश्न पडणे हाच त्या विषयातील खरा प्रवेश होय, असे मी मानतो. दख्खनच्या पठारावर ज्यांना घरे बांधावयाची आहेत त्यांच्यासाठी तर ही चाचणी सर्वस्वी व्यवहाराची आहे, कारण हीच काळी माती उन्हाळ्यात हात शिरेल एवढ्या भेगांनी फाटते आणि मृगाच्या पावसानंतर फुगून हलक्या घरांच्या भिंती उचलते.

पाण्याच्या विषयाबद्दल थोडक्यातच सांगतो. कालव्यातील प्रवाहासाठी मॅनिंगचे सूत्र वापरतात, आणि त्यातील खरखरीतपणाचा गुणांक कोष्टकातून उचलतात. नव्याने खोदलेल्या मातीच्या कालव्यासाठी 0.0225 धरला आणि दोन हंगामांत काठावर लव्हाळे माजून तोच 0.030 झाला, तर तेवढ्याच खोलीला विसर्ग पाव हिश्शाने घटतो. शेपटाकडच्या शेतकऱ्याचे पाणी का तुटते याचे उत्तर कित्येकदा या चौथ्या दशांश स्थळापर्यंत लिहिलेल्या आणि डोळ्यांनी अंदाजलेल्या एका अंकात असते.

‘दिलेले’ किती फसवे असू शकते याचे सर्वांत गंभीर उदाहरण आपल्याच सह्याद्रीत घडले. कोयनेचे 103 मीटर उंचीचे धरण बांधले गेले तेव्हा दक्षिणेचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर समजले जात असे, आणि त्या काळच्या रीतीस अनुसरून आराखड्यात भूकंपाचा गुणांक 0.05 धरला होता. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे धरणाच्या परिसरातच भूकंप झाला. धरणात बसविलेल्या यंत्राने प्रवाहाच्या दिशेने सुमारे 0.49 आणि धरणाच्या अक्षाच्या दिशेने सुमारे 0.63, गुरुत्वीय त्वरणाच्या पटीत, इतके त्वरण नोंदविले. आराखड्यातील गुणांक आणि यंत्राने नोंदविलेले क्षणिक त्वरण यांची तुलना तंतोतंत होत नाही, हे तज्ज्ञ वाचक जाणतातच. पण अंतर केवढे होते हे त्यावरून कळावे. धरण उभे राहिले, मात्र खालच्या अंगाचा उतार जेथे एकदम बदलतो त्या पातळीच्या आसपास दोन्ही अंगांवर आडव्या भेगा पडल्या, आणि पुढे त्याला मागून आधार देऊन बळकट करावे लागले. त्या आराखड्याच्या गणितात चूक होती असे कोणी म्हणू शकणार नाही. पृथ्वीने एक अंक बदलून दिला. त्या अंकासंबंधी आणि धरणाच्या माथ्याकडील त्या उताराच्या वळणासंबंधी जगभरच्या धरण-अभियंत्यांना जे शिकावे लागले, ते कोयनेने शिकविले.

आता तळाच्या पायरीवरील विषय. सर्वेक्षणाला सोपे म्हणणाऱ्यांनी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटास एकदा जावे. 1802 साली मद्रासनजीक आधाररेषा मोजून ज्याने भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला, तो विल्यम लॅम्बटन वयाच्या उत्तरार्धातही ते काम उत्तरेकडे नेत असता 1823 च्या जानेवारीत तेथे मरण पावला, आणि तेथेच त्याला मूठमाती मिळाली. आणि एस्टिमेटिंग? पुण्यात 1854 साली अभियांत्रिकीचा पहिला वर्ग उघडला तो बांधकाम खात्यास दुय्यम अंमलदार मिळावेत म्हणून; अशा अंमलदाराची पहिली परीक्षा मोजमापाच्या नोंदवहीतच होत असणार. आपल्याकडे वाळू ब्रासने मोजतात, आणि एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, हे पुस्तकात दिलेले असते. परंतु वाळूत पाच टक्क्यांच्या आसपास ओल असेल तर कणांभोवतीच्या पाण्याच्या पापुद्र्यामुळे ती फुगते, आणि बारीक वाळू असेल तर पाव हिश्शाने किंवा त्याहूनही अधिक जागा व्यापते. म्हणजे मुकादमाने ट्रकच्या फाळक्यापर्यंत इमानेइतबारे मोजून घेतलेला ब्रास हिशेबात पुरा आणि काँक्रीटमध्ये तुटीचा. ज्याला हे ठाऊक नाही त्याचे अंदाजपत्रक पैशाअडक्याने चुकतेच, शिवाय मिश्रणातील वाळूचे प्रमाण ढळून कामाचा दर्जाही ढळतो. आदल्या रात्री वाचून जाण्याचा हा विषय खासच नव्हे.

एवढे लिहिल्यावर, प्रश्नपत्रिका काढणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंपुढे एक विनंती ठेवणे मला प्राप्त आहे. प्रत्येक विषयाच्या पत्रिकेत एक प्रश्न असा असावा की ज्यातील माहिती जाणूनबुजून अपुरी ठेवली आहे. नदीकाठच्या काळ्या मातीत तीन मजली शाळेचा पाया घालावयाचा आहे, एवढेच सांगावे. कोणती माहिती मागवाल, कोणत्या क्रमाने, आणि ती हाती येईपर्यंत कोणता अंक कशाच्या आधारे गृहीत धराल, हे विद्यार्थ्याने लिहावे. अशा उत्तरांचे मूल्यमापन एकसारखे होणार नाही, फेरतपासणीचे अर्ज वाढतील, हा आक्षेप मी अनेक बैठकांतून ऐकला आहे आणि तो क्षुल्लक नाही. विद्यार्थ्याला निष्पक्ष न्याय मिळालाच पाहिजे. पण अनुभवी परीक्षकाला अशा उत्तराची पहिली दहा वाक्ये वाचून पुष्कळ कळते. चाचणी खड्डे किती खोल घ्यावयाचे, मुरूम कोठे लागतो, शेजारच्या जुन्या घरांच्या भिंतींना तडे गेले आहेत काय, असे विचारणारा मुलगा हिशेबात कोठे घसरला तरी त्याला पुढे जाऊ द्यावे. पावसाळ्यातील भूजलाची पातळी न विचारता ज्याने पायाची रुंदी सेंटिमीटरपर्यंत काढून दाखविली, त्याला मात्र, आकडेमोड कितीही निर्दोष असो, त्या प्रश्नात उत्तीर्ण करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.