चूल विझल्याशिवाय रात्रीचा बाजार भरत नाही

सोमवार, रिद्धपूर

मागच्या हप्त्यात बँकॉकमधला याओवारात होता, या हप्त्यात मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर. उडी लांबची आहे, पण प्रश्न तोच आहे. दिवेलागणीनंतर बँकॉकच्या त्या चिनी वस्तीत फुटपाथावर स्टुलं मांडली जातात आणि मध्यरात्रीपर्यंत माणसं तिथे जेवतात. रिद्धपुरात त्याच वेळी आरती आटोपते, एखादं किराणा दुकान आणि पानटपरी सोडली तर रस्ता मोकळा होतो, आणि घराघरांतून फोडणीचा वास यायला लागतो. असं का, म्हणून कोणालाही विचारा, उत्तर हवेचं मिळतं: तिकडे दिवसा उकडतं, म्हणून लोक रात्री बाहेर पडतात. हे उत्तर वऱ्हाडात टिकत नाही. बँकॉकच्या एप्रिलमधली दुपार सरासरी पस्तिशीच्या आसपास असते, तर अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पलीकडे जातो. उकाड्यानेच रात्रीचे बाजार भरत असते, तर जगातला सगळ्यात मोठा बाजार अकोल्यात भरायला हवा होता. वऱ्हाडात रात्रभर जागी राहणारी मोठी जत्रा आहे, नाही असं नाही. पण ती बहिरमची, आणि ती भरते ऐन पौषाच्या थंडीत. हवेचा मुद्दा इथेच सोडलेला बरा.

दुसरं उत्तर असं की रिद्धपूर खेडं आहे, खेड्याची महानगराशी काय बरोबरी? पण थायलंडच्या खेड्यांतही ठरलेल्या वारी संध्याकाळचे बाजार भरतात, आणि बाया तिथून रात्रीचं कालवण घरी नेतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत रस्सा भरून, पिशवी हवेने फुगवून, तोंडाला रबर लावून देतात. सायकलच्या हॅंडलला अशा तीन-चार पिशव्या लटकल्या की घरचा स्वयंपाक झाला. आपल्याकडे कापूस वेचणारी बाईही दिवसभर शेतातच असते, तिकडच्या बाईसारखीच थकलेली असते. तरी घरी आल्यावर ती चूल पेटवते, आता बहुतेक ठिकाणी गॅस. म्हणजे बाई घराबाहेर राबते एवढ्यानेही रात्रीचा बाजार जन्माला येत नाही. संध्याकाळची चूल विझायला हवी, आणि ती विझल्यावर अनोळखी हातचं जेवण गळ्याखाली उतरायला हवं. यातली दुसरी अट अवघड. तिचा विचार रिद्धपुरातच करावा, कारण याच गावाने ती तेराव्या शतकात सोडवून पाहिली होती.

महानुभाव पंथाचे श्रीगोविंदप्रभू, चक्रधरस्वामींचे गुरू, इथले. त्यांच्या चरित्रात रिद्धपूरचा बाजार, लोकांच्या घरातलं रांधलेलं, मागून किंवा न मागता उचलून खाल्लेलं, हे सगळं जागोजागी भेटतं. मातंगांच्या घरी त्यांचं जाणं-येणं होतं आणि गावातल्या मातब्बरांना ते खुपत होतं. चक्रधरस्वामींनी आपल्या भिक्षूंना चारी वर्णांच्या घरची भिक्षा घ्यायला सांगितलं. भिक्षू स्वतः चूल मांडणार नाही, आणि शिजवणारा हात कोणाचा हेही विचारणार नाही. म्हाइंभटांनी ज्या गावात चक्रधरांच्या आठवणींचं लीळाचरित्र सिद्ध केलं, त्या गावाकडे आपण मराठी गद्याचं मूळ म्हणून पाहतो, आणि मराठी भाषा विद्यापीठही त्याच नात्याने इथे आलं. जेवणाच्या बाबतीत या गावाने केलेलं धाडस मात्र क्वचितच कोणी सांगतं. ते धाडस संन्याशापुरतं राहिलं, गृहस्थाच्या ओसरीवर चढलं नाही. भिक्षेच्या झोळीत जे चाललं ते पंगतीत चाललं नाही. आणि संध्याकाळचा बाजार चालतो तो गृहस्थांच्या जिवावर.

मंगळवार, अमरावती

इथे आक्षेप समोर उभाच आहे. राजकमल चौकापासून गांधी चौकाकडे संध्याकाळी निघालं, तर खाण्याच्या गाड्यांना तोटा नाही: पाणीपुरी, आलुबोंडे, मिरचीचे भजे, खास अमरावतीचा गिला वडा आणि लाल बोर्डांची चायनीज. नवरात्रात अंबादेवीच्या परिसरात तर पाय ठेवायला जागा नसते. या गर्दीत गाडीवाल्याची जात कोण विचारतं? कोणीच नाही, हे खरं. पण गाडीवर काय मिळतं तेही पाहावं. दह्यात भिजलेला वडा पानावर येतो, वरून चटणी आणि तिखट पडतं, दोन-चार घासांत संपतो, आणि खाणारा घरी जाऊन पुन्हा जेवतो. वरण, भात, पोळी, वांग्याची भाजी, म्हणजे रोजचं जेवण, गाडीवर जवळजवळ नाही. बँकॉकच्या गाडीवर नेमकं तेच असतं: भात आणि कालवण. आपण अनोळखी हातचा खाऊ पत्करला, जेवण नाही पत्करलं. चायनीजची गाडी इतक्या लवकर गावोगाव का पोचली याचंही उत्तर मला इथेच दिसतं. मंचुरियन कोणाच्याच आजीच्या स्वयंपाकघरातलं नसतं, त्यामुळे ते कोणाच्या हातचं हा प्रश्नच निघत नाही.

कोणी म्हणेल, जातीपातीचा हा जुना हिशेब आता कशाला? साधी बाब आहे, आपल्याकडे घरं आहेत, स्वयंपाकघरं आहेत. बँकॉकच्या भाड्याच्या खोल्यांत बऱ्याचदा चुलीला जागाच नसते. मुद्दा वजनदार आहे, म्हणून त्याला मुंबईचं उदाहरण लावून पाहू. याओवारातच्या गाड्या दक्षिण चीनमधून एकट्याने आलेल्या कष्टकरी पुरुषांच्या भुकेवर वाढल्या, सिंगापूरच्याही तशाच. गिरणगावात आलेला कोकणी, घाटी कामगारही एकटाच होता, गाळ्यात दाटीवाटीने राहत होता, पाळीने झोपत होता. परिस्थिती तीच, पण इथे वाढली ती खानावळ. महिन्याचे पैसे ठरलेले, बाई बहुधा गावाकडची, ओळखीची, हात माहितीचा. या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं, यावरून हा व्यवसाय केवढा पसरला होता ते कळतं. चूल नसलेला माणूस दोन्हीकडे होता. एकीकडे तो रस्त्यावर जेवला, दुसरीकडे ओळखीच्या दाराआड. अमरावतीत आज शिकायला आलेली, स्पर्धा परीक्षांसाठी खोली करून राहणारी मुलं मेस लावतात, डबा लावतात. तो गिरणगावचाच वारसा. मेसची जात आता बहुतेक पुसली गेली आहे, हे मान्य करायलाच हवं. सवय मात्र उरली: जेवण हे ठरलेल्या ठिकाणचं, महिन्याच्या बोलीवरचं.

कायदा आड येतो का? फारसा नाही. दुकानं चोवीस तास उघडी ठेवण्याची मुभा महाराष्ट्राने २०१७ च्या कायद्याने दिली, आणि फेरीवाल्यांच्या रोजीरोटीला संरक्षण देणारा केंद्राचा कायदा त्याआधी, २०१४ चा. पोलीस गाड्या हटवतात, महापालिका उचलून नेते, ही तक्रार खरीच. पण हटवलेल्या गाड्या पुन्हा लागतात, कारण गिऱ्हाईक असतं. जेवणाच्या गाड्या लागतच नाहीत, तिथे पोलिसांनी काय हटवायचं? सरकारनेही स्वस्त जेवण दिलं ते मुख्यतः दुपारचं. १९९५ च्या युती सरकारची एक रुपयातली झुणका-भाकर आणि २०२० पासूनची दहा रुपयांची शिवभोजन थाळी, दोन्हींमागे कल्पना हीच दिसते, की गरीब माणूस दुपारी घरापासून लांब असतो आणि रात्री त्याला घर असतं. म्हणून ‘आपल्याकडेही बँकॉकसारखं नाइट मार्केट’ अशी घोषणा झाली की मला शंका येते. रोषणाई होईल, सेल्फीची कमान उभी राहील, मोमो विकले जातील आणि दोन महिन्यांनी गाळे ओस पडतील.

गुरुवार, बहिरम

परतवाड्याहून बैतूलकडे जाताना सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरम लागतं, चांदूरबाजार तालुक्यात. यात्रा डिसेंबरच्या विशीच्या सुमारास सुरू होते आणि जानेवारी सरेपर्यंत चालते. वेळ पाहिली की कारण कळतं: कापसाचे पैसे हातात आलेले, खरिपाची धांदल ओसरलेली. माझ्या म्हणण्याला सगळ्यात मोठं आव्हान इथेच आहे, कारण इथे वऱ्हाडी माणूस घराबाहेर, रात्री, पोटभर जेवतो. हंडीतलं मटण आणि रोडगे यांची ख्याती यात्रेच्या दैवताहून कमी नाही. जत्रांतल्या पशुबळीविरुद्ध गाडगेबाबांनी आयुष्यभर कीर्तनं केली. ते गेले १९५६ च्या २० डिसेंबरला, वलगावजवळ, म्हणजे या यात्रेच्या तोंडावरच. देवापुढची सुरी गेली, हंडी राहिली.

पण जवळ जाऊन पाहिलं तर बाजारात मुख्यतः काय विकलं जातं? मातीची हंडी, सरपण, मसाला, वांगी, कच्चं मटण. घराणी आणि मित्रमंडळी राहुट्या टाकतात, तीन दगडांची चूल मांडतात आणि आपलं आपण शिजवतात. कणकेचे घट्ट गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरतात, वरचं करपलेलं टरकल काढतात, आतला रोडगा तुपात कुस्करतात. आणि हे काम बहुधा पुरुषांच्या हाती असतं. घरी पाण्याचा पेला न उचलणारा गडी इथे डोळे चोळत हंडीखाली जाळ सारतो. म्हणजे बहिरमला चूल विझत नाही, ती हातच बदलते. आणि बाई एवढ्या लांब यात्रेतल्या एखाद्या रात्रीपुरती मोकळी होते. अलीकडे आयती हंडी ताटाच्या हिशेबाने विकणारी हॉटेलंही थाटली जातात, आणि त्यांच्यापुढे रांगा असतात. ज्यांच्याकडे राहुटी नाही, मंडळी नाही, दुचाकीवरून रातोरात येऊन जायचं आहे, त्यांची ती सोय. त्या रांगेत बायकाही उभ्या असतात, आणि पानात वाढणारा कोण, कुठला, याची चौकशी तिथे ऐकू येत नाही. वऱ्हाडात रात्रीचा बाजार उभा करायचाच असेल, तर मोजणी या रांगेपासून करावी. उद्या परतवाडा, आणि तिथून जमलं तर मेळघाटातला आठवडी बाजार. तो मात्र सूर्य कलायच्या आत उठतो.