मध्ये काच

सोलापूरच्या माणसाने समुद्रातल्या जीवांवर लिहावं, म्हणजे रत्नागिरीच्या माणसाने शेंगाचटणीवर अधिकारवाणीने बोलावं तसं आहे. आमच्या गावात नळाला चार-चार दिवसांआड पाणी आलेलं सगळ्यांनी पाहिलंय. एवढं पाणी एकाच ठिकाणी, आणि तेही मीटरशिवाय, ही कल्पनाच आम्हाला झेपत नाही. मासा म्हणाल तर उजनी धरणातली चिलापी. तिला आम्ही ओळखतो, पण तळलेल्या अवस्थेत. तिच्या स्वभावाची चौकशी कधी कोणी केलेली नाही.

तरीही लिहितोय, कारण २०१६ च्या मे महिन्यात मी दीड तास माशांच्या सहवासात काढला आणि त्यातला बराचसा वेळ मला आपण बँकेतच बसलो आहोत असं वाटत राहिलं.

झालं असं, की चिरंजीवांना नववं लागलं होतं आणि त्यांना मुंबई बघायची होती. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरली, पहाटे कल्याणला उतरून डोंबिवलीला मेहुण्याकडे डेरा टाकला. मेहुणा म्हणाला, "दाजी, तारापोरवाला मत्स्यालय बघून घ्या. नवं केलंय."

चर्नी रोड स्टेशनजवळ, मरीन ड्राइव्हवर ही इमारत. १९५१ साली उघडलेली, आणि तारापोरवाला या दानशूर पारशी गृहस्थांच्या देणगीमुळे त्यांचं नाव मिळालेली. मधे डागडुजीसाठी बंद होती, ती २०१५ मध्ये पुन्हा उघडली होती. आता आत बारा फुटी पारदर्शक बोगदा आहे आणि डोक्यावरून मासे फिरतात, असं मेहुण्याने सांगितलं. तिकिटाच्या रांगेत उभे राहिलो, तर रस्त्यापलीकडे अख्खा अरबी समुद्र पसरलेला. ही म्हणाली, "अहो, समोर फुकट आहे की!" हिशेबात ही माझ्यापेक्षा पक्की आहे. कॉमर्सची पदवी मात्र माझ्याकडे आहे.

आत एका मोठ्या टाकीत एक हेकरू होता. इंग्रजीत त्याला ग्रुपर म्हणतात. जाड ओठ, पडलेला चेहरा, एका कोपऱ्यात बूड टेकल्यासारखा स्थिर. अधूनमधून तोंड उघडायचा, काही बोलणार असं वाटेपर्यंत मिटायचा. बाहेर तीस-चाळीस माणसं काचेला नाक लावून उभी, आणि त्यातली निम्मी टकटक करत होती. चिरंजीव बराच वेळ बघत होते. मग गर्दीत खणखणीत आवाजात म्हणाले, "बाबा, हा तुमच्यासारखा बसलाय."

मागून कोणीतरी हसलं. मी हेकरूकडे पाहिलं. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. शनिवारी पावणेचारला माझा चेहरा नेमका तसाच असतो, हे मला मान्य करावं लागलं.

काचेवर टकटक करू नये म्हणतात ते उगाच नाही. पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने पळतो आणि माशाला तो चांगला ऐकू येतो. आपल्याला गंमत वाटते, तो मात्र दचकतो. हे कळल्यापासून मी टकटक करणाऱ्या पोरांना दटावू लागलो. एक पोरगं म्हणालं, "काय बे काका, तुमचा मासा आहे का?" म्हणजे तेही सोलापूरचंच निघालं!

त्या दिवसापासून माशांचा नाद लागला. घरी येऊन मिळेल ते वाचत सुटलो. त्या बोगद्याजवळ नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाऊनफिश पाहिले होते. सिनेमामुळे पोरांना ते पाठ असतात. हे समुद्रफुलाच्या विषारी बोटांत घर करतात. घरात सगळ्यांत मोठी ती मादी, दोन नंबरवर तिचा नवरा, आणि खाली चढत्या क्रमाने वाट बघणारे बाकीचे. मादी मेली की नवरा स्वतःच मादी होतो आणि तीन नंबरवाल्याला नवरेपणावर बढती मिळते. आमच्याकडे ऑफिसर होण्यासाठी इतकं करावं लागत नाही, फक्त गडचिरोलीची तयारी ठेवावी लागते. पण खरी मेख पुढे आहे. वरच्याच्या डोळ्यांत खुपू नये म्हणून खालचा मासा स्वतःची वाढच रोखून धरतो. गेली बावीस वर्षं मी क्लार्क का आहे, याचं शास्त्रीय कारण मला प्रथमच मिळालं.

हिला मात्र समुद्रघोडा आवडला. त्यात नर पोटाच्या पिशवीत अंडी सांभाळतो आणि पिल्लांना जन्मही तोच देतो. हे वाचून दाखवल्यावर ही काही बोलली नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं, आणि त्या संध्याकाळची भांडी मी घासली.

या सगळ्यांत माझा खरा जातभाई म्हणजे क्लीनर रास. बोटाएवढा, निळसर, अंगावर काळा पट्टा. प्रवाळात एका ठरलेल्या जागी तो काउंटर मांडून बसतो. मोठे मासे येतात, रांग लावतात, आणि हा त्यांच्या अंगावरचे, कल्ल्यांतले, तोंडातलेसुद्धा किडे टिपून खातो. दिवसाला दोन हजारांच्या वर गिऱ्हाइकं! एवढी टोकनं आमच्या शाखेत पगाराच्या दिवशीही निघत नाहीत. आता त्याची वागणूक बघा. जवळपास राहणारा मासा दुसरीकडे जाऊ शकत नाही, म्हणून त्याला ताटकळत ठेवतो. लांबून आलेला, दुसऱ्या काउंटरवर जाऊ शकणारा असेल, तर आधी त्याचं काम. त्याला किड्यांपेक्षा माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर जास्त आवडतो, त्यामुळे संधी मिळाली की हळूच एक चावा घेतो. पण दुसरं गिऱ्हाईक बघत असलं की एकदम सोवळा! गिऱ्हाईक चिडलंच, तर पाठीवर परांनी मालिश करून समजूत काढतो. आमच्या बँकेत 'ग्राहक संबंध' या विषयावर तीन दिवसांचं शिबिर झालं होतं. तिथे यातलं एवढंही कोणी नीट सांगितलं नाही.

आणि इंकी? न्यूझीलंडच्या नेपिअर गावातल्या मत्स्यालयातला हा ऑक्टोपस. २०१६ सालीच एका रात्री टाकीच्या झाकणाला फट राहिली. हा बाहेर आला, फरशीवरून सरपटत गेला आणि जवळजवळ पन्नास मीटरच्या सांडपाण्याच्या नळीतून थेट समुद्रात. ही बातमी मी जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवली. हेड कॅशियर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पेन्शनचं काय केलं असेल त्यानं?"

पेन्शनवरून नुकसानभरपाईची गोष्ट आठवली. व्हेल शार्कला कायद्याने २००१ पासून संरक्षण आहे. हे प्रचंड धूड बिचारं खातं सूक्ष्म जीव, पण जाळ्यात अडकतं. त्याला सोडायचं तर जाळं कापावं लागतं. रत्नागिरीकडच्या शाखेत राहून आलेला एक सहकारी सांगत होता, "जाळं कर्जाचं असतं रे. मासा सुटतो, हप्ता सुटत नाही." भर समुद्रात, रात्री, सुरी हातात घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाचा हा हिशेब मला माशांच्या कुठल्याही करामतीपेक्षा अवघड वाटला. डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने योजना काढली: संरक्षित जीव सोडताना जाळं कापलं तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई, सोबत सुटकेचे फोटो जोडायचे. मी आयुष्यात पुष्कळ व्हाउचरं पास केली. असं एखादं आपल्या हातून पास व्हावं, असं मात्र फार वाटतं.

पुढे २०२३ मध्ये पापलेट हा राज्य मासा झाला, आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांना किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान असेल तर पकडायचा नाही. आम्हा बँकवाल्यांना हे लगेच पटलं. अज्ञान खातेदाराच्या ठेवीला हात लावायचा नाही, इतकं साधं आहे.

तारापोरवाला २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे बंद झालं. नंतरच्या पाहणीत इमारतच धोक्याची ठरली. बातमी वाचून चिरंजीवांनी विचारलं, "आणि तो हेकरू?" मी म्हटलं, असेल कुठेतरी. "समोरच समुद्र होता ना? सोडून द्यायचं की!" मग मी समजावलं, की त्यातले कितीतरी मासे दूरदूरच्या समुद्रांतले, काही तर गोड्या पाण्यातले. ते इथल्या समुद्रात तगणार नाहीत, आणि तगलेच तर इथल्यांच्या मुळावर येतील. बावीस वर्षं खिडकीत बसलेल्याला बाहेर काढून रस्त्यावर सोडलं तर काय होईल, हे मी बोललो नाही. हेकरूचं काय झालं ते आम्हाला कळलं नाही.

त्याच वर्षी आमच्या काउंटरवर काच आली. काच कसली, पारदर्शक प्लास्टिकच, खाली वीतभर फट ठेवून. बोललेलं आत ऐकू येत नाही, म्हणून लोक टकटक करतात. परवा एक आजोबा पासबुक भरून घ्यायला आले. सोबत चार वर्षांची नात. लिंक डाऊन होती. मी हात टेकून बसलो होतो. नातीने काचेला नाक लावलं, मला न्याहाळलं आणि बोट उचललं.

आजोबांनी तिचा हात धरला. "नको गं बाळ, त्यांना त्रास होतो."

मी तोंड उघडलं, आणि मिटलं. पोरगी खुदकन हसली.