तैवानमधली स्वस्तिकाची पाटी आणि आपलं ताट



परदेशी जायचं ठरलं की आपल्या घरात पहिली चर्चा खाखऱ्यांची. किती डबे, कोणत्या बॅगेत, दशम्या किती दिवस टिकतील. देश बघून यायचा, पण तिथल्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही, अशीच आपली बहुतेक सहल असते. तैवानला निघताना मात्र सासूबाई म्हणाल्या, "अगं, तिथले लोक काय खातात ते बघू तरी. नियमात बसेल ते घेऊ, नाही तर खाखरा आहेच."

ताइपेईत एका छोट्या खानावळीच्या पाटीवर चक्क स्वस्तिक दिसलं. वळण आपल्या स्वस्तिकाच्या उलट, पण स्वस्तिकच. तिथे ते बौद्ध चिन्ह आहे आणि खानावळीवर असलं की आत शाकाहारी जेवण समजायचं. शेजारी 'सू' हे अक्षर असतं. सू म्हणजे शाकाहार. एरवी मांसाहार करणारेही कित्येक जण चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला सू पाळतात. आपली अष्टमी-चतुर्दशीच आठवली.

पारंपरिक सू जेवणात कांदा-लसूणही नसतो. बौद्धांनी पाच उग्र वस्तू वर्ज्य मानल्या आहेत आणि गंमत म्हणजे त्यांच्या यादीत हिंग आहे! आपण कांद्याची उणीव ज्या हिंगाने भरून काढतो, तोच तिथे निषिद्ध. कारणही वेगळं. त्यांच्या मते या वस्तूंनी काम-क्रोध वाढतो. आपण कंदमुळं सोडतो ती त्यातल्या अनंत जीवांसाठी. म्हणून तिथे मुळा, रताळं, आलं, कमळकाकडी बिनदिक्कत चालतं. कांदा-लसूण नाही म्हणजे आपल्याला चालेल, असं धरून चालू नका.

या खानावळींत पदार्थ मांडलेले असतात. आपण हवं ते वाढून घ्यायचं आणि बऱ्याच ठिकाणी वजनावर पैसे द्यायचे. प्रत्येक पदार्थ डोळ्यांनी बघता येतो, ही मोठी सोय. घोसाळ्याच्या भाजीत आल्याचे काप दिसले, सोडली. पांढरी कारली मिळाली, साधा भात आणि टोफू मिळाला. अळंबी मात्र इतक्या पदार्थांत असते की विचारल्याशिवाय हात लावू नये.

एका थाळीत हुबेहूब मासा होता, खवल्यांसकट. सगळा सोयाबीनचा. मालकीणबाईंनी कौतुकाने पुढे केला. सासूबाईंनी हात जोडले. मला हळूच म्हणाल्या, "यशोधर राजाने कोंबडा पिठाचाच कापला होता ना?" त्या एका संकल्पापायी राजाला आणि त्याच्या आईला किती भव भोगावे लागले, ही कथा लहानपणापासून ऐकलेली. मांसाहार सोडू पाहणाऱ्याला असा मासा आधार होत असेल, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण आपल्याकडे हिंसा हातांच्या आधी भावात मोजतात.

दुसरी परीक्षा गोड होती. आइयू नावाची लिंबाच्या सरबतातली जेली तिथे उन्हाळ्यात घरोघर आवडते. एका फळाच्या बिया कापडात बांधून पाण्यात चोळल्या की पाणी आपोआप घट्ट होतं. जिलेटिन नाही, उकळणं नाही. मी हरखलेच. मग विक्रेत्याने वाळलेलं फळ दाखवलं. ती उंबर-अंजिराच्याच कुळातली वेल. पंच उदुंबरांचा त्याग असल्यावर तिथेही नमस्कार! त्याऐवजी शेंगदाण्याचं गरम दौहुआ खाल्लं. सोयाबीनच्या दुधाचं ते मऊसूत गोड सासूबाईंना इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी त्यांनीच वाट दाखवली.

तैवानचे रात्रीचे बाजार प्रसिद्ध आहेत, पण डिसेंबरात ताइपेईत सूर्य सव्वापाचच्या आत मावळतो आणि बाजार त्यानंतर रंगात येतो. आम्ही शिलिनचा बाजार नुसता फिरलो. वास येत होते, लोक खात होते, आमच्या हातात काहीच नव्हतं. वाईट वाटलं का? मला थोडं वाटलं, खोटं कशाला सांगू. सासूबाई मात्र प्रत्येक गाडीपाशी थांबून "हे कसं करतात?" विचारत होत्या. खायचं नाही म्हणून बघायचंही नाही, असा नियम कुणी सांगितलाय?

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. शाकाहारी म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटांवर तिथे प्रकार छापावा लागतो: पूर्ण वनस्पतिजन्य, अंड्याचा, दुधाचा, अंडं-दूध दोन्हींचा आणि पाच उग्र वस्तूंचा. पहिला प्रकार घेतला की अंडं आणि कांदा-लसूण टळतात, कंदमुळं मात्र तपासावीच लागतात. आणि आपल्याला न चालणाऱ्या वस्तूंची यादी चिनी लिपीत लिहून जवळ ठेवा. आमची यादी वाचून एका बाईंनी मुळा का नाही, असं विचारलं. फोनवर भाषांतर करून सांगितलं, "त्यात खूप जीव असतात." त्यांनी मान डोलावली आणि आमच्यासाठी वेगळ्या पाण्यात पालेभाजी उकडून आणली.

खाखऱ्यांचे तीन डबे होते, एक न उघडताच परत आला.