हरणाचा तांबडा पाय

नागपूरच्या रामदासपेठेतल्या आमच्या जुन्या घरी कोजागिरी गच्चीवरच व्हायची. दूध आटेपर्यंत बारा वाजत. चंद्र डोक्यावर आलेला असे आणि पूर्वेला मृग चांगला वर चढलेला. आजी दाखवायची, "ते बघ हरीण. चार तारे म्हणजे चार पाय, पोटात रुतलेला तो बाण." बाणाच्या तीन ताऱ्यांना ती तिकांडं म्हणे. एक पाय तांबडा का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "रक्त लागलं असन बापा."

त्या पायाचं नाव काक्षी, हे मला 1997 मध्ये कळलं. गांधीसागराजवळच्या रमण विज्ञान केंद्रात त्या जानेवारीत तारांगण सुरू झालं होतं. तांबडं म्हणजे गरम आणि निळं म्हणजे गार, हा न्हाणीघरातल्या नळांचा हिशोब आकाशात उलटा चालतो, हे मी तिथे ऐकलं. तांबडा काक्षी साधारण साडेतीन हजार अंशांचा, तर त्याच हरणाचा निळसर पाय, राजन्य, बारा हजारांच्या घरातला. त्या रात्री गच्चीवर दोघांकडे आळीपाळीनं पाहत राहिलो. रंग वाचता येतो, याचा केवढा आनंद झाला होता!

मग 2019 चा डिसेंबर. काक्षी मंदावतोय, कदाचित फुटेल, अशा बातम्या आल्या. मी रोज गच्चीवर जाऊ लागलो. दवाखान्यांच्या पाट्यांचा उजेड तळहातानं अडवायचा, डोळे अंधाराला सरावू द्यायचे आणि काक्षी शेजारच्या पायाशी ताडून बघायचा. एरवी तो त्याच्या दुपटीहून तेजस्वी. फेब्रुवारीत दोघं जवळजवळ सारखे दिसले. जगभरचे हौशी निरीक्षकही असंच शेजारच्या ताऱ्यांशी ताडून तेज नोंदवतात. आजीचं हरीण माझ्या डोळ्यांदेखत लंगडत होतं आणि त्याचं कारण तेव्हा जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. पाठ्यपुस्तकानं मला कधी असं जागवलं नव्हतं.

उत्तर 2021 मध्ये आलं. चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीनं टिपलेल्या चित्रांत ताऱ्याचा दक्षिणेकडचा भाग काळवंडलेला होता. ताऱ्यानं वायूचा लोट बाहेर टाकला होता. पुढे पृष्ठभागाचा एक भाग निवला, त्या गारव्यात वायू गोठून धूळ झाली आणि ती आपल्या वाटेत आडवी आली. तारे धूळ घडवतात, ती अशी. आणि हे सगळं घडलं सहाशे-सातशे वर्षांपूर्वी. प्रकाशाला इथवर यायलाच तेवढा काळ लागला. बख्त बुलंद शहानं नागपूर वसवलं 1702 च्या सुमारास, म्हणजे तो प्रकाश निघाला तेव्हा हे शहरच नव्हतं. आजीला हे सांगायला हवं होतं. ती तोवर राहिली नव्हती.

जुलै 2025 मध्ये आणखी एक बातमी आली. हवाईतल्या जेमिनी नॉर्थ दुर्बिणीला काक्षीला अगदी खेटून एक फिकट सोबती दिसला. काक्षीचं तेज सुमारे सहा वर्षांच्या लयीत कमीजास्त होतं, ते बहुधा याच्यामुळे. तो पुन्हा दिसण्याची संधी नोव्हेंबर 2027 मध्ये आहे.

आता आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, पूर्वेला समोर इमारत आहे. मृग तिच्या टाकीवर यायची वाट बघावी लागते. परवा लेकीनं वहीत हरीण काढलं. तीन पाय निळ्या पेनानं, एक लाल. लाल ठिपक्याला चिकटून तिनं पेन्सिलीनं एक बारीक टिंब दिलं. "पेनानं कधी?" मी विचारलं. "2027 ला," ती म्हणाली.